टाकीत घातलेली खीर

“गुरुजी, देवाचं अन्न हिच्यात घातलं तर चालतंय का?”

सोनाक्का परसात उभी राहून मला विचारत होती. तिच्या पायाशी खिरीनं भरलेली दोन मोठी पातेली आणि भाताची एक बुट्टी होती. आदल्या दिवशी भैरोबाचा भंडारा झाला होता. गव्हाची खीर, भात, आमटी. पलीकडच्या वाडीची माणसं त्या वर्षी जेवायला आली नाहीत आणि एवढं अन्न उरलं. सोनाक्काच्या मागं तिची मुलगी वनिता उभी होती. नवरा ज्योतिराम गोठ्याच्या मेढीला टेकून तंबाखू मळत होता. तिघांचेही डोळे माझ्याकडे लागले होते.

‘हिच्यात’ म्हणजे परसातल्या काळ्या टाकीत. मी त्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात दिलं. पण ते सांगण्याआधी टाकी तिथं कशी आली, ते सांगायला हवं.

आंबेरानच्या शाळेत मला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. शाळा सातवीपर्यंत, आणि वनिता सातवीत. वर्गात तीस पोरं असली तर एखाददुसरंच असं असतं, की आपण शिकवतो ते त्याला कळतंच, पण आपण जे गाळलं तेही त्याच्या ध्यानात येतं. वनिता तशी होती. दिवाळीनंतर ती शाळेत एक दिवस यायची आणि दोन दिवस गायब व्हायची. म्हणून एका सकाळी मी तिच्या घरी गेलो.

दारातूनच डोळे चुरचुरायला लागले. आत खिडकी नव्हती. चुलीपुढं सोनाक्का फुंकणी घेऊन वाकली होती आणि वनिता तिच्या हातातून फुंकणी ओढून घेत होती. मायलेकींचं भांडण चाललं होतं, पण भांडण तरी कसलं? सोनाक्का दोन शब्द बोलायची आणि श्वासासाठी थांबायची.

“बसा… गुरुजी. च्या… ठेवते.”

हळूहळू सगळं कळलं. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की छातीत आता फार जागा उरलेली नाही. चुलीपुढं बसायचं नाही. बसलात तर पुढचा पावसाळा कसा जाईल ते मी सांगू शकत नाही. दोन वर्षं ती बाई आडवी होऊन झोपली नव्हती. मेढीला पाठ टेकून बसूनच रात्र काढायची. आईनं चुलीपुढं बसू नये म्हणून वनिता शाळा बुडवून स्वयंपाक करायची. पोरीच्या छातीत धूर जाऊ नये म्हणून सोनाक्का तिच्याआधी उठायची. मग वनिता आणखी लवकर उठायची. दोघी एकमेकींपासून चूल चोरत होत्या.

सिलिंडरसाठी ज्योतिरामनं कधीच नंबर लावला होता. तो लागत नव्हता, आणि लागला असता तरी एजन्सीची गाडी आंबेरानचा घाट चढत नव्हती.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या शिबिरात मी एक टाकी पाहिली होती. शिळी भाकरी, भाताची पेज, खरकटं, दळताना सांडलेलं पीठ, असलं काहीबाही तिच्यात घालायचं आणि त्याचा गॅस करायचा. शेणगॅसला चारपाच जनावरं लागतात, हिला नाही. एक पाण्याची टाकी, तिच्यात उपडी बसेल अशी दुसरी जरा लहान टाकी. आत गॅस करणारे बारीक जीव वाढावेत म्हणून सुरुवातीला शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. गॅस तयार झाला की उपडी टाकी वर उचलली जाते. तिच्या डोक्यावर नळी, नळीच्या टोकाला शेगडी. मी वहीत चित्र काढून आणलं होतं.

ज्योतिरामनं बाजाराच्या टेम्पोतून दोन टाक्या आणल्या. शाळेतल्या पोरांनी घरोघरचं शेण गोळा केलं. मी सातवीचा विज्ञानाचा तास त्या परसातच घेतला.

“ही टाकी म्हणजे गाईचं पोट आहे,” मी पोरांना सांगितलं. “आत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ते जेवतात, पचवतात आणि ढेकर देतात. तो ढेकर आपण चुलीवर जाळायचा.”

पुढं आठवडाभर शाळेत ढेकरांचा नुसता ऊत आला होता.

पंचवीस दिवस काही झालं नाही. ज्योतिराम येता-जाता टाकीकडं बघायचा आणि म्हणायचा, गुरुजी, तुमची गाय भाकड निघाली. सव्विसाव्या दिवशी उपडी टाकी वीतभर वर आली. आम्ही शेगडी पेटवली. ज्योत इतकी निळी आणि बारीक, की उजेडात दिसेचना. “पेटलाय व्हय?” म्हणत सोनाक्कानं तिच्यावर हात धरला आणि झटकन मागं घेतला. मग पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ नुसती त्या शेगडीकडं बघत राहिली. शेगडीला धूर नव्हता.

रोज सकाळी एक तपेली शिळंपाकं, कुस्करून, पाणी घालून. ते काम वनिताचं. टाकी किती वर आली, त्याची ती खडूनं रेघ मारायची आणि तारीख लिहायची. माघ संपता संपता सोनाक्का आडवी झोपायला लागली. एक दिवस तिनं मला तिच्या जावेशी झालेलं भांडण अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मध्ये एकदाही थांबली नाही. भांडणात चूक कुणाची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मी ते गाणं ऐकावं तसं ऐकलं. वनिता रोज शाळेत येऊ लागली. आठवीला तिला तालुक्याला पाठवायचं मी मनात पक्कं केलं होतं.

आणि मग चैत्रात भंडारा आला.

आंबेरानात भैरोबाचा प्रसाद पायदळी जाऊ देत नाहीत आणि वेशीबाहेरही नेत नाहीत. उरलंसुरलं थोडं गुरांना घालतात आणि बाकीचं नदीच्या डोहात सोडतात. त्या वर्षी डोह फाल्गुनातच आटला होता. तळाला नुसत्या भेगा होत्या. गुरांचं म्हणाल तर ज्योतिरामनं आधीच मान हलवली होती. म्हशीला खीर घालायची तर तांब्याभर, दोन सालांमागं बाबूची म्हस खिरीनं फुगून मेली, असं त्यानं सांगितलं. तेव्हा हे देवाचं अन्न टाकीत घालावं की नको, घातलं तर शेणात कालवल्याचं पाप लागेल का, असा सोनाक्काचा प्रश्न होता.

मला तो प्रश्न फार आवडला. माणसं टाकीबद्दल विचारून काही करायला लागली होती. मी म्हणालो, “सोनाक्का, अन्न पायाखाली जात नाही, सडत नाही, त्याची ज्योत होते. देवाला याहून अधिक काय हवं?”

वनिता म्हणाली, “पण गुरुजी, रोज एकच तपेली घालायची म्हणाला हुतासा. हे लई हाय.”

मी हसलो. मी पोरांच्या शंकांना कधी हसत नसे, पण त्या दिवशी हसलो. “अगं, आपण भंडाऱ्याला चार घास जास्त खातोच ना? आज टाकीचा भंडारा.”

ज्योतिरामही हसला. सोनाक्काचं मन हलकं झालेलं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. प्रसाद घरच्या बाईनंच वाढायचा असतो म्हणून तिनं कुणाला पातेल्याला हात लावू दिला नाही. टाकीला हात जोडले आणि एकेक वाटी करत दोन्ही पातेली, वर भाताची बुट्टी, सगळं स्वतःच्या हातानं आत घातलं. वनिता नळीजवळ उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी कधी नव्हे इतकी वर आली. वनिताच्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही दोन विती वर. ज्योतिरामनं गल्लीतली माणसं बोलावली. देवळाचा गुरवही आला. मी शाळा जरा उशिरा भरवून पोरांना घेऊन गेलो. आता बघा, म्हणालो. सोनाक्कानं काडी ओढून शेगडीजवळ नेली. नळीतून फुस्स आवाज येत होता. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी मी ओढली.

सगळीकडं आंबलेल्या ताकासारखा वास सुटला होता.

माझ्या खिशात शाळेचे लिटमस कागद असत. मी टाकीमागं गेलो आणि कडेच्या पाण्यात निळा कागद बुडवला. तो लालभडक झाला. तेवढ्यानं मला सगळं समजलं. इतका गूळ-गहू एकदम पोटात गेल्यावर आतलं सगळं आंबतं आणि गॅस करणारे जीव मरतात. वर आला होता तो नुसता न जळणारा वायू. बाबूची म्हैस जशी गेली तशीच ही टाकी गेली होती. गाईचं पोट म्हणून मीच शिकवलं होतं. गाईच्या पोटात किती घालायचं ते परसातल्या तिघांनाही माहीत होतं. एकट्या मला नव्हतं.

मी कागद मुठीत चुरगळला आणि पुढं आलो.

“काय झालं, गुरुजी?” सोनाक्कानं विचारलं. सगळे थांबले होते. गुरव एका बाजूला हात बांधून उभा होता.

“बघू,” मी म्हणालो. “जरा थांबावं लागेल.”

शेणात देवाचं अन्न कालवल्यावर दुसरं काय होणार, असं गुरव जाता जाता बोलला. मोठ्यानं नाही, पण सोनाक्काला ऐकू जाईल इतपत. मी ते खोडून काढायला हवं होतं. मी पोरांना रांगेत उभं करण्यात गुंतलो.

उपाय सोपा होता. आतला निम्मा काला काढून टाकायचा, ताजं शेण घालायचं, महिनाभर वाट बघायची. मी ज्योतिरामला तसं सांगितलं, तर तो माझ्याकडं बघतच राहिला. “आता त्यात भैरोबाचं अन्न हाय. कुठं वतू ते? उकिरड्यावर?” खरंच, कुठं ओतणार होता? जमिनीवर चालत नव्हतं आणि नदीला पाणी नव्हतं. मग मी चुन्याची निवळी घालून पाहिली, एकदा, दोनदा, पाचदा. निळा कागद प्रत्येक वेळी लाल होत राहिला. एवढ्या आंबटाला माझा चुना कुठला पुरणार?

सोनाक्का पुन्हा चुलीपुढं बसायला लागली. वनिताची शाळा पुन्हा सुटली. दोघींची पहाटेची चोरी पुन्हा सुरू झाली. पण आता त्यात एक नवी गोष्ट आली होती, ती वनितानं मला शाळेत येऊन सांगितली. मधल्या सुट्टीत आली, चपला बाहेर काढल्या, टेबलापाशी उभी राहिली.

“आईनं अकरा रविवारांचा नवस केलाय. भैरोबाला पुरणपोळीचा निवद. तिनंच करायचा, चुलीवरच. मला हात लावू देत न्हाई. गुरुजी, तुम्ही तिला सांगा की देवाचं काय न्हाई त्यात. माझं ती ऐकंना.”

“सांगतो,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी गेलो. सोनाक्का मेढीला टेकून बसली होती. मी तिला नीट समजावलं, पोरांना समजावतो तसं. आतले जीव, त्यांचं खाणं, आम्ल म्हणजे काय, लिटमस म्हणजे काय. खिशातून कागद काढून दाखवला. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली,

“म्हंजे… देव न्हाई?”

“नाही. आंबलं म्हणून झालं.”

“आंबलं का?”

“जास्त पडलं एकदम.”

“घातलं… कुणी?”

मी लिटमसचा कागद परत खिशात ठेवला.

“मीच… घातलं की.” ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. “ह्या हातानं.”

वनिता उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही मला विचारलं होतंत, मी घाला म्हणालो, वनितानं अडवलं आणि मी हसलो. एवढंच. वर्गात चूक झाली तर हात वर करायचा, मी मारणार नाही, असं मी सव्वीस वर्षं पोरांना सांगत आलो होतो. त्या संध्याकाळी माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी मनाशी म्हणालो, आधी टाकी सुरू करू, मग सांगू. टाकी सुरू झाल्यावर सांगणं सोपं जाईल. माझं हे म्हणणं मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं. काड्या विझल्या त्या दिवशी परसात गुरव होता, गल्ली होती, पोरं होती, आणि आंबेरानात गुरुजींचं चुकलं असं कुणी अजून म्हणालं नव्हतं. हे कारण मात्र मी मनाशीही म्हणालो नाही.

“नका काळजी करू,” एवढं बोलून मी उठलो.

ती दर रविवारी अंधारातच उठायची. पुरण शिजायला दोन तास, वाटायला तास, मग पोळ्या. ज्योतिराम ओरडायचा, वनिता रडायची. ती ऐकायची नाही. दोन वेळा मी रविवारी त्या बाजूनं गेलो. कौलांमधून धूर निघत होता. मी आत गेलो नाही. मृग लागल्यावर लाकडं सर्द झाली आणि धूर दुप्पट झाला. सातव्या रविवारी नैवेद्य देवळात पोचवायला तिला वाटेत चारदा बसावं लागलं. नववा तिनं वनिताच्या खांद्यावर हात ठेवून नेला.

दहावा रविवार आलाच नाही. त्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, चुलीपुढं बसल्या बसल्या ती एका अंगावर कलली. ज्योतिराम शेतात होता. वनितानं तिला बाहेर ओट्यावर ओढून आणलं, वारा घातला. मला निरोप आला तेव्हा मी पाचवीला भागाकार शिकवत होतो.

सोनाक्काचं तेरावं झालं, तोवर नदीला पाणी आलं होतं. मी ज्योतिरामला म्हणालो, टाकी आता रिकामी करता येईल. तो म्हणाला, करा काय करायचं ते, मला तिच्याकडं बघवत नाही. मग मी आणि वनितानं ती रिकामी केली. बादलीनं काला काढायचा, पायवाटेनं डोहापर्यंत न्यायचा, पाण्यात सोडायचा. अजूनही आंबट वास येत होता. काल्यात गव्हाचे न विरघळलेले दाणे होते. ती बादली भरायची, मी न्यायचो. मग मी भरायचो, ती न्यायची. 

शेवटच्या चारपाच बादल्या उरल्या तेव्हा मी डोहाच्या काठावर तिला थांबवलं.

“वनिता,” मी म्हणालो, “त्या दिवशी तू बरोबर होतीस. चूक माझी होती. खीर मी घालायला सांगितली. तुझ्या आईचं त्यात काही नव्हतं.”

तिनं बादली पाण्यात उपडी केली. दाणे प्रवाहाबरोबर गेले.

“मला त्याच दिवशी कळलं हुतं, गुरुजी,” ती म्हणाली. “तुम्ही कागद मुठीत धरला तवाच.”

“मग तू का नाही सांगितलंस तिला?”

“सांगितलं की. रोज सांगत हुते. ती म्हणायची, गुरुजींचं चुकलं असतं तर गुरुजी बोलले असते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, आपण पुन्हा शेणकाला घालू, महिन्याभरात गॅस येईल, तुला तालुक्याला आठवीला जाता येईल, मी ज्योतिरामशी बोलतो. मी बोलत राहिलो. ती ऐकत होती, वर्गात ऐकायची तशीच, मान थोडी तिरकी करून.

“दादा टाकी आता परसात ठेवायची न्हाई म्हणतोय,” ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. “उद्या टेम्पोत घालून देणार हाय.”

उरलेल्या बादल्या तिनं एकटीनंच नेल्या. मी काठावर बसून राहिलो. शेवटची खेप झाल्यावर ती रिकामी बादली घासून, धुऊन परत निघाली. उजेड कमी झाला होता आणि ज्योतिराम शेतातून यायची वेळ झाली होती. थोड्या वेळानं त्यांच्या कौलांवर धूर दिसायला लागला.